सर्वांचा यंत्रमानव

हर्सूल हे छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडील गाव. आता ते शहरातच मिसळून गेले आहे. याच उत्तरेकडच्या डोंगराळ भागातील पाणी काही शतकांपूर्वी मातीच्या नळांतून शहरातील पाणचक्कीपर्यंत आणण्यात आले. तेथे ते उंचावरून खाली पडे. त्याच्या जोराने पात्यांचे चाक फिरे, चाकाबरोबर जात्याचा दगड फिरे आणि यात्रेकरूंसाठी पीठ तयार होई. माणसाचे श्रम यंत्राने करावेत, ही कल्पना आपल्या परिसरात अशी फार जुनी आहे.

यंत्रमानव हे त्याच कल्पनेचे आजचे रूप होय. पाणचक्की एकच काम जाणत असे. यंत्रमानव मात्र भोवतालची परिस्थिती पाहून आपले काम बदलू शकतो. त्यासाठी त्याला तीन गोष्टी लागतात. कॅमेरा आणि ध्वनिग्राहक ही त्याची ज्ञानेंद्रिये, लहान लहान मोटारी हे त्याचे स्नायू आणि संगणक हा त्याचा मेंदू.

असे यंत्र केवळ मोठ्या कारखान्यातच निर्माण होऊ शकते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. गाएल लांजव्हँ नावाच्या एका फ्रेंच शिल्पकाराने यंत्राचा एक हात तयार केला आणि २०१२ साली त्याचे सर्व आराखडे जगासाठी खुले केले. पुढे त्यातूनच 'इनमूव्ह' नावाचा पुरुषभर उंचीचा यंत्रमानव आकारास आला. प्लास्टिकचा तंतू वितळवून थरावर थर रचणाऱ्या त्रिमिती मुद्रकावर त्याचे भाग तयार होतात. घरगुती मुद्रकातही मावावा म्हणून प्रत्येक भाग १२ सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या आत ठेवलेला आहे. त्याची बोटे कशी हालतात, म्हणाल, तर कळसूत्री बाहुलीसारखी! मनगटामागील मोटारी बळकट दोरे ओढतात आणि बोटे मिटतात.

ज्याचे आराखडे कोणीही पाहावेत, वापरावेत आणि सुधारावेत, अशा निर्मितीला 'मुक्तस्रोत' म्हणतात. येथे घेणाऱ्यावर एक कर्तव्य येते. आपल्याला आढळलेली चूक आणि सुचलेली सुधारणा त्याने इतरांना प्रांजळपणे सांगावयाची असते. एकाच्या नजरेतून निसटलेला दोष दुसऱ्याला दिसतो. अशा रीतीने देशोदेशींचे हौशी लोक, एकमेकांचे तोंडही न पाहता, एकच यंत्र मिळून घडवितात.

या उदारतेचे मोल किती, हे निकोला ह्युशे या फ्रेंच तरुणाला विचारावे. २००२ साली कामावर असताना झालेल्या अपघातात त्याने आपला उजवा हात गमावला. अद्ययावत कृत्रिम हाताची किंमत त्याला परवडण्यासारखी नव्हती. दहा वर्षांनी रेन शहरातील एका खुल्या कार्यशाळेत त्याला त्रिमिती मुद्रक पाहावयास मिळाला. तेथील सहकाऱ्यांच्या मदतीने आणि इनमूव्हच्या खुल्या आराखड्यावरून त्याने स्वतःसाठी हात तयार करण्यास आरंभ केला. शिल्पकाराने तो हात घडविला, तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही हा तरुण नव्हता!

अशा खुल्या कार्यशाळांना 'फॅब लॅब' म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत करीत शिकावे, हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने २००२ साली तेथे फॅब लॅब सुरू झाली. जगातील अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक होय.

आता यंत्राच्या बुद्धीविषयी. कृत्रिम बुद्धिमत्ता उदाहरणांवरून शिकते. मोसंबी ओळखावयास शिकविताना तिला केवळ हिरव्या मोसंब्यांची चित्रे दाखविली, तर पिकून पिवळे झालेले मोसंबे ती लिंबू समजेल. हा दोष यंत्राचा म्हणावा की शिकविणाऱ्याचा?

हेच भाषेच्या बाबतीत घडते. ज्या यंत्राने मराठी कधी ऐकलीच नाही, त्याला आपल्या आजीचे बोलणे कसे कळावे? म्हणून पुष्कळ लोक आपला आवाज दान करतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'कॉमन व्हॉइस' या खुल्या उपक्रमात मराठी भाषकांनीही वाक्ये वाचून नोंदविली आहेत. भारत सरकारच्या 'भाषिणी' या उपक्रमातही असे 'भाषादान' स्वीकारले जाते. यासाठी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याचा आवाज तेथे पंडिताच्या आवाजाइतकाच मोलाचा आहे; कारण तो नसेल, तर त्याची बोली यंत्राला परकीच राहील.

डोंगरातील पाणी अडवून एकाने आपल्याच अंगणात साठविले असते, तर पाणचक्की फिरली नसती. ते वाहते ठेवले, म्हणून अनेकांच्या मुखी घास पडला. ज्ञानाचेही तसेच आहे. मुलांनो, उद्या तुम्ही एखादे यंत्र तयार कराल, तेव्हा ते कसे केले आणि कोठे चुकले, हे वहीत नीट लिहून ठेवा आणि ती वही शेजारच्याला वाचावयास द्या. कदाचित तुमची चूक तोच दुरुस्त करील आणि न पाहिलेल्या एखाद्या माणसाला त्यातून हात मिळेल.