तासाभराचा खेळ आणि त्याचे दीर्घायुष्य

काही पुस्तके एकदा वाचून फडताळात ठेवली जातात, तर काही पुन्हा पुन्हा हाती घ्यावीशी वाटतात. व्हिडिओ गेमच्या बाबतीतही असाच भेद करता येतो. आणि तो करू लागले म्हणजे ध्यानात येते, की खेळाचे आयुष्य त्याच्या लांबीवर मोजता येत नाही. निंटेंडो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारिओ लँड’ हा खेळ याचे उत्तम उदाहरण होय.

२१ एप्रिल १९८९ रोजी, हातात धरून खेळावयाच्या ‘गेम बॉय’ या यंत्राबरोबरच तो जपानात विक्रीस आला. गुनपेई योकोई हे त्याचे निर्माते व सातोरू ओकादा दिग्दर्शक. यंत्र अगदी साधे : चार लहान सेलवर चालणारे, पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि त्यावर हिरवट करड्या अशा चारच छटा. महागड्या नव्या तंत्रामागे न लागता, जुने व खात्रीचे तंत्र नव्या कल्पनेने राबवावे, हे योकोई यांचे धोरणच होते.

खेळाचा नायक मारिओ डावीकडून उजवीकडे धावतो, खड्डे ओलांडतो, उंचवट्यांवर उड्या मारतो आणि शत्रूंना पायाखाली चिरडतो. चार राज्ये, प्रत्येकाचे तीन टप्पे, असे एकूण बारा टप्पे. कोठे पिरॅमिड दिसतात, तर कोठे ईस्टर बेटावरील प्रचंड शिलामुखांची आठवण होते; एका टप्प्यात पाणबुडी व शेवटच्यात विमान चालवावयाचे असते. सराईत खेळाडू हे सारे तासाभराच्या आत संपवतो. खेळ फार तोकडा आहे, अशी तक्रार झाली, ती अकारण नव्हे. तरीही त्याच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

मग तो पुन्हा का खेळावासा वाटतो? पहिले कारण असे, की हा खेळ प्रगतीची नोंद ठेवीत नाही. वीज बंद केली, की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून आरंभ. जे शिकावयाचे, ते खेळाडूच्या बोटांत व स्मरणातच साठते. एकच बंदिश नित्य घोटणाऱ्या गायकाला जसा तिच्यातील एकेका स्वराचा अंदाज येतो, तसाच येथे प्रत्येक उडीचा येतो.

दुसरे कारण, वाटेवर ठेवलेले छोटे छोटे पर्याय. बहुतेक टप्प्यांच्या शेवटी दोन दरवाजे असतात. खालचा सोपा, वरच्यापर्यंत पोहोचणे अवघड, पण तेथे जादा संधी मिळविता येते. विशिष्ट फूल मिळाले, की मारिओ एक चेंडू फेकू लागतो. तो भिंतींवर आपटून तिरकस परततो व वाटेतील नाणीही टिपतो. कोठून फेकावा, हा भूमितीचाच प्रश्न होऊन बसतो.

तिसरे कारण : खेळ एकदा संपला, म्हणजे अधिक शत्रूंनी भरलेला दुसरा फेरा उघडतो. तोही जिंकला, की हव्या त्या टप्प्यापासून आरंभ करण्याची मुभा मिळते. वाटा त्याच, परंतु पूर्वी निर्धास्त असलेली जागा आता धोक्याची ठरते.

येथे एक विचार करण्याजोगा आहे. आज पुष्कळसे खेळ कधीच संपू नयेत, अशा बेताने रचले जातात. रोजची कामगिरी, रोजचे बक्षीस आणि एक दिवस चुकला तर नुकसान, अशी ती बांधणी असते. तेथे मूल परतते ते बरेचदा धाकाने. ‘सुपर मारिओ लँड’ मात्र संपतो आणि खेळाडूला मोकळे करतो. त्याकडे परतणे हे केवळ आवडीचे असते. म्हणून मुलांसाठी खेळ निवडताना, तो किती तास पुरेल, एवढेच पाहू नये. तो खाली ठेवता येतो काय आणि ठेवल्यावर पुन्हा हवासा वाटतो काय, हेही पाहावे.