तारखांचा रकाना

मजुरी दोन गोष्टींवर मिळते. एक काम आणि दुसरी हजेरी.

काम डोळ्यांना दिसते. बांध घातला तर तो दिसतो. चर खणला तर तोही दिसतो. पण त्या बांधावर कोण किती दिवस राबले, हे बांधाकडे पाहून कळत नाही. ते हजेरीपटावरूनच कळते. हजेरीपटातली एक तारीख गळाली की एक रोज बुडाला. म्हणून तारीख ही कष्टकरी माणसाच्या फार मोलाची आहे.

आता पुष्कळ ठिकाणी हजेरीपट कॉम्प्युटरवर ठेवतात. तिथे तारखा एकेक करून लिहीत नाहीत, यंत्राकडून भरून घेतात. ही रीत सोपी आहे. पण तिच्यात चार-पाच जागा अशा आहेत, की तिथे नजर चुकली तर मजुराचे नुकसान होते. ती रीत काय आणि त्या जागा कोणत्या, हे आज आम्ही सांगणार आहोत.

वेशीवरचे गाव

अच्छाड हे पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यातले गाव. मुंबईहून अहमदाबादला जाणाऱ्या हमरस्त्यावर, महाराष्ट्राच्या अगदी वेशीवर ते आहे. थोडे पुढे गेले की गुजरात लागतो. भिलाड, उंबरगाव, वापी ही गावे त्या अंगाला. इकडे डहाणूला चिकूच्या वाड्या. या भागातली माणसे मजुरीसाठी चहूकडे जातात. कोणी कारखान्यात, कोणी वाडीत. भाताची कापणी झाली की कोणी वीटभट्टीवर जातात. आज एका मुकादमाकडे, उद्या दुसऱ्याकडे. अशा माणसाला तारखांचा हिशेब नीट ठेवावाच लागतो.

बिनहिशेबी राबणे काय असते, हे या मुलखाने पाहिले आहे. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली. वेठबिगार करायची नाही, असा निर्धार तिथे झाला. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते त्या कामात पुढे होते. वेठीचा माणूस दिवसच्या दिवस राबे. पण किती दिवस राबला, हे सांगणारा कागद त्याच्या हाती नसे. वही मालकाची आणि लेखणीही मालकाचीच.

पुढे कायदे झाले. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २००५ साली सबंध देशासाठी तसा कायदा झाला. मजुरी आठवड्याला द्यावी, आणि काही झाले तरी काम केल्यापासून पंधरवड्याच्या आत द्यावी, असे त्यात लिहिले होते. पण पंधरवडा मोजायचा कुठून? तारखेपासूनच ना! तारीखच चुकली तर हक्क मोजणार कसा?

कॉम्प्युटरची वही

कॉम्प्युटरवर एक आखीव वही असते. तिचे एक प्रसिद्ध नाव एक्सेल. घरच्या कॉम्प्युटरवर चालणारी अशी पहिली वही १९७९ साली अमेरिकेत निघाली. तिचे नाव व्हिजिकॅल्क. एक्सेल १९८५ साली आले.

ही वही सारीपाटासारखी दिसते. उभे रकाने आणि आडव्या ओळी असतात. रकान्यांना ए, बी, सी अशी नावे असतात. ओळींना १, २, ३ असे आकडे असतात. रकाना आणि ओळ जिथे मिळतात, तिथे एक घर होते. एका घरात एकच गोष्ट लिहायची. तारीख एका घरात, नाव दुसऱ्या घरात, मजुरी तिसऱ्या घरात.

एक लिहा, बाकीच्या ओढा

समजा, २ मार्च २०२६ पासून कामाला सुरुवात झाली आणि चौदा दिवसांचा पट करायचा आहे. मग असे करावे.

१. पहिल्या घरात पहिली तारीख लिहावी.

२. त्या घरावर पुन्हा टिचकी मारावी. घराभोवती ठळक चौकट दिसते. चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीकसा चौकोन असतो.

३. माऊसचा बाण त्या चौकोनावर नेला की बाणाची बारीक काळी फुली होते. आता माऊसची डावी कळ दाबून धरावी आणि सरळ खाली ओढत न्यावे.

४. तेरा घरे खाली गेल्यावर कळ सोडावी.

३ मार्च, ४ मार्च, ५ मार्च अशा तारखा आपोआप भरतात. चौदाव्या घरात १५ मार्च येते. तारखा आडव्या हव्या असतील तर उजवीकडे ओढावे.

शेजारच्या रकान्यात आधीच नावे किंवा आकडे भरलेले असतील, तर ओढण्याचीही गरज नाही. त्या बारीक चौकोनावर लागोपाठ दोन टिचक्या माराव्या. शेजारचा रकाना जिथवर भरला आहे, तिथवर तारखा उतरतात.

यंत्राला पुढची तारीख कशी कळते?

कोणी विचारील, "अहो, आज तीस तारीख, उद्या एकतीस की एक, हे त्या यंत्राला कसं उमगतं?"

आपण मूठ वळून महिने मोजतो. बोटाच्या उंचवट्यावर आला तो महिना एकतीस दिवसांचा, खळगीत आला तो कमी दिवसांचा. जानेवारी उंचवट्यावर, फेब्रुवारी खळगीत. जुलै शेवटच्या उंचवट्यावर येतो. मग ऑगस्ट पुन्हा पहिल्या उंचवट्यावर धरायचा. म्हणून जुलै आणि ऑगस्ट दोन्ही एकतीस दिवसांचे.

यंत्राची रीत वेगळी आहे. ते प्रत्येक दिवसाला एक नंबर देते. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० या दिवसाचा नंबर एक आहे. तिथून मोजत आले की १ जानेवारी २०२६ या दिवसाचा नंबर ४६०२३ येतो. आपल्याला घरात तारीख दिसते, पण यंत्राच्या पोटात हा नंबर असतो. पुढची तारीख म्हणजे नंबरात एक मिळवायचा, बस! फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून २०२८ साली २९ फेब्रुवारी येईल, ती ते गाळणार नाही.

आठवड्याच्या आणि महिन्याच्या तारखा

बचत गटाची बैठक दर रविवारी असते. तिथे रोजची तारीख नको, सात दिवसांनी येणारी हवी. मग यंत्राला दोन तारखा लिहून दाखवाव्या. पहिल्या घरात ४ जानेवारी २०२६, त्याखाली ११ जानेवारी २०२६. दोन्ही घरे एकदम निवडावी आणि मग खाली ओढावे. दोन तारखांतले अंतर यंत्र ओळखते आणि त्याच पावलाने पुढे जाते. १८ जानेवारी, २५ जानेवारी, १ फेब्रुवारी.

कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला असेल, तर १० जानेवारी आणि १० फेब्रुवारी लिहून तसेच ओढावे. पुढे १० मार्च, १० एप्रिल येत जाते.

पाच ठिकाणी जपावे

पहिली जागा. दिवस आणि महिना यांची अदलाबदल. आपण दिवस आधी लिहितो, महिना मागून. अमेरिकेत महिना आधी लिहितात. पुष्कळ कॉम्प्युटर अमेरिकी रीतीवर लावलेले असतात. आपण ५ जून म्हणून ५/६/२०२६ लिहिले, तर असे यंत्र ते ६ मे समजते. मग खाली ओढले की ५/७, ५/८, ५/९ असे येते. तारखेऐवजी महिनाच पळत सुटला!

कधी याहून नवल होते. तेरा जून म्हणून १३/६/२०२६ लिहिले. अमेरिकी रीतीत तेरावा महिना नाही. मग यंत्र त्याला तारीख समजतच नाही, नुसती अक्षरे समजते. खाली ओढले की १३/६/२०२७, १३/६/२०२८ असे येते. दर ओळीला एक वर्ष!

ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. रोजच्या पटात खाली जाताना दिवसाचा आकडा वाढला पाहिजे. महिना किंवा साल दर ओळीला बदलत असेल, तर पट चुकला. यावर उपाय म्हणजे पहिल्या तारखेत महिना आकड्याने न लिहिता नावाने लिहिणे. जून म्हटले की जूनच. तिथे घोटाळा नाही.

दुसरी जागा. शनिवार. तारखा ओढल्यावर शेजारी एक छोटे बटण येते. त्यात फक्त कामाचे दिवस भरण्याची सोय असते. ती घेतली की यंत्र शनिवार आणि रविवार दोन्ही गाळते. कचेरीला ते चालत असेल. पण मजुराला शनिवारची सुट्टी कुठली? २ मार्च ते १५ मार्च या पंधरवड्यात रविवार सोडून बारा दिवस काम झाले असेल, तर अशा पटात दहाच तारखा येतील. ७ आणि १४ मार्च हे दोन शनिवार गळतील. रोज चारशे रुपये धरला, तर आठशे रुपये गेले. कोणी चोरले नाहीत, पण गेलेच.

तिसरी जागा. आजची तारीख. एक्सेलमध्ये 'टुडे' नावाचे सूत्र आहे. ते घरात घातले की आजची तारीख दिसते. पण उद्या वही उघडली की तिथे उद्याची तारीख दिसते! हजेरीपटात हे सूत्र घालू नये. आजची तारीख कायमची लिहायची असेल, तर कंट्रोलची कळ दाबून धरून अर्धविरामाची कळ दाबावी. ती तारीख मग बदलत नाही.

चौथी जागा. वजाबाकी. २ मार्चला काम सुरू झाले आणि ७ मार्चला संपले. किती दिवस झाले? यंत्राला सातातून दोन वजा करायला सांगितले, तर ते पाच म्हणते. आता बोटांवर मोजा. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सहा दिवस! वजाबाकीत पहिला दिवस गळतो. म्हणून वजाबाकी करून त्यात एक मिळवावा. हा एक म्हणजे तुमचा एक रोज आहे.

पाचवी जागा ही सर्वांत मोठी. ज्या बारीक चौकोनाने तारखा ओढतात, त्यानेच दुसरेही काही ओढता येते. एका घरात हजेरीचा 'ह' लिहून खाली ओढला, तर सगळ्या घरांत 'ह' भरतो. गैरहजेरीचा 'गै' ओढला, तर सगळीकडे 'गै'. क्षणात आला नसलेला माणूस आलेला होतो, आणि आलेला माणूस न आलेला होतो. तारखा आधी भरून ठेवणे चांगले, त्याने वेळ वाचतो. पण हजेरी आधी भरता येत नाही. ती त्या दिवशी, त्या माणसाला पाहूनच भरली पाहिजे.

आपण काय करावे?

घरी एक लहान वही ठेवा. रोज संध्याकाळी तारीख लिहा, समोर कुठे काम केले ते लिहा. कामाला गेला नाहीत तर तेही लिहा. दिनदर्शिकेवर खूण केली तरी चालेल.

हिशेबाच्या दिवशी मुकादमाला किंवा कारकुनाला सांगा, "दादा, तारखांचा रकाना जरा दाखवा." यात भांडण नाही. मग तीन गोष्टी पाहा. पहिली तारीख बरोबर आहे का? शेवटची बरोबर आहे का? मध्ये एखादी गळाली आहे का? मग आपल्या वहीशी हजेरी जुळवा. जुळली नाही तर पैसे घेण्याआधी बोला.

गावातली जी मुले-मुली कॉम्प्युटर शिकली आहेत, त्यांनी ही रीत मोठ्यांना दाखवावी. मोठ्यांनी विचारायला लाजू नये. यंत्र तारखा भराभर लिहिते. पण त्या दिवशी उन्हात कोण उभे होते, हे त्याने पाहिलेले नसते. ते तुम्हीच सांगायचे असते.

करून पाहा

१. मूठ वळून सांगा : सप्टेंबर किती दिवसांचा?

२. ९ तारखेला काम सुरू झाले आणि २१ तारखेला संपले. एकही खाडा नाही. किती रोज झाले?

३. एका पटात ओळीने ५/७/२०२६, ५/८/२०२६, ५/९/२०२६ असे लिहिले आहे. रोजच्या हजेरीचा हा पट बरोबर आहे का? नसेल, तर काय चुकले?