ठरावातलं काम सांगणारं कलम

एमयूएनच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्र सभेच्या, कमिटीत सुरुवातीचा वेळ भाषणांत जातो. खरी धांदल त्यानंतरची. अनमॉडरेटेड कॉकस, म्हणजे मोकळ्या चर्चेचा वेळ, जाहीर झाला की खुर्च्या सरकतात, चार-सहा देशांचे डेलिगेट एका लॅपटॉपभोवती गोळा होतात आणि वर्किंग पेपरचं ड्राफ्ट रेझोल्यूशन करायला बसतात. स्पॉन्सर कोण, सिग्नेटरी किती जमले, कोणाची अमेंडमेंट घ्यायची, यावर घासाघीस चालते. या गडबडीत प्रस्तावनाच फुगत जाते. चिंता, खेद, जुन्या करारांचं स्मरण असं सगळं पानभर येतं. मग प्रत्यक्ष काय करायचं हे सांगणाऱ्या कलमांची वेळ येते आणि तिथे दोन-तीन मोघम ओळींवर काम भागवलं जातं.

एमयूएनचा प्रकार नवा नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत १९२०च्या दशकातच विद्यार्थी राष्ट्रसंघाच्या अभिरूप बैठका भरवू लागले होते. हेगचं प्रसिद्ध एमयूएन संमेलन १९६८ पासून भरतं. आपल्याकडे त्याआधीच, १९६६-६७ मध्ये, दिल्लीच्या शाळांत युवा संसद सुरू झाली होती. एमयूएन मात्र आजही मोठ्या शहरांतलं आणि इंग्रजी शाळांतलं वाटतं. रायगडमधल्या धाटाव-रोह्याच्या मुलामुलींनी तसं मानू नये. ठराव कसा लिहावा आणि तो कुठे तोकडा पडतो, याचे भक्कम दाखले त्यांच्याच जिल्ह्यात आहेत.

त्यातला पहिला दाखला महाडचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. मजकूर चोख होता. कोणत्या जागा, त्या कोणाच्या पैशातल्या, हे नेमकं लिहिलेलं होतं. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना अंमलबजावणीचा हुकूम काढला. स्थानिक संस्थांना मात्र सल्ल्यापलीकडे काही गेलं नाही. नगरपालिकेने ऐकलंच नाही तर पुढे काय, याचं उत्तर त्या ठरावात नव्हतं.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये गावातलं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करणारा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखी माणसं त्यामागे उभी होती. तरी तळ्यावर काहीच बदललं नाही. बोले पुन्हा कौन्सिलात उभे राहिले आणि ऑगस्ट १९२६ मध्ये, ज्या संस्था अंमल करणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करावं, असा नवा ठराव त्यांनी आणला. पहिल्या ठरावात नसलेलं कलम ते हेच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, बोल्यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षं होताना, नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला. मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

दुसरा दाखला थेट रोह्याच्या माणसाचा. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावी झाला. घर रोह्याचं. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला गेले. तिथे ४४ देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची घटना लिहीत होते. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन, म्हणजे इंग्रज अर्थसदस्य. बरोबर देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते.

देश पारतंत्र्यात असला तरी शिष्टमंडळाने मसुद्यावर दोन दुरुस्त्या लावून धरल्या. पहिली अशी: निधीच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा विकास यावा. ती जशीच्या तशी घेतली गेली नाही, पण सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख निधीच्या घटनेच्या पहिल्या कलमात आला आणि आजही तो तिथे आहे. दुसरी दुरुस्ती पैशांची होती. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे भारताचं येणं साठत होतं आणि युद्ध संपेपर्यंत ते १०० कोटी पौंडांच्या पुढे गेलं. त्यातला काही भाग तरी निधीमार्फत मोकळा व्हावा, अशी भारताची मागणी होती. श्रॉफ म्हणाले की बँकेत दहा लाख असूनही टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे नसावेत, तशी आमची गत आहे. ब्रिटनच्या बाजूने केन्स यांनी हा प्रश्न ब्रिटन आणि भारत आपापसात सोडवतील असं सांगितलं आणि दुरुस्ती फेटाळली गेली. निधीतल्या कोट्याच्या वाटाघाटीत मात्र भारताने ४० कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. सोव्हिएत संघ निधीत आला नाही, त्यामुळे कोट्यानुसार भारत पहिल्या पाचांत गेला आणि त्याला स्वतःचा कार्यकारी संचालक नेमता आला. दुसऱ्या दुरुस्तीवर हार पत्करून पहिलीतला निम्मा शब्द टिकवणं, ही वाटाघाट एमयूएनच्या प्रत्येक डेलिगेटने अभ्यासावी इतकी मोलाची आहे.

महाडच्या तळ्यावर पेटलेला पाण्याचा प्रश्न पुढे संयुक्त राष्ट्रांतही पोचला. २८ जुलै २०१० रोजी बोलिव्हियाने मांडलेला ठराव आमसभेने मंजूर केला आणि स्वच्छ पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क ठरला. बाजूने १२२ मतं पडली, विरोधात एकही नाही, ४१ देश तटस्थ राहिले. भारताचं मत बाजूने होतं. पण आमसभेचा असा ठराव ही शिफारसच असते. सभासदांना बंधनकारक निर्णय घेण्याचा अधिकार सनदेने सुरक्षा परिषदेला दिला आहे. पुष्कळ ड्राफ्टांमध्ये हा फरक पुसला जातो आणि आमसभेच्या कमिटीत बसलेले डेलिगेट निर्बंध लादून मोकळे होतात.

धाटावला एमआयडीसी आहे, रासायनिक कारखाने आहेत आणि शेजारून कुंडलिका वाहते. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ मध्येच कायदा केला, केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. इथल्या विद्यार्थ्यांनी पहिला ड्राफ्ट याच नदीवर लिहावा. नमुने कोणत्या ठिकाणी आणि किती दिवसांनी घ्यायचे, ते तपासणार कोण, तपासणीचा खर्च कोणी भरायचा, मर्यादा ओलांडली तर कोणती परवानगी थांबायची, आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत कधी लागायचा. यातल्या प्रत्येकासाठी एक कलम, आणि त्या कलमाच्या सुरुवातीला ते पार पाडणाऱ्या यंत्रणेचं नाव.