संस्कार कोणाचे? वर्तनवाद आणि आपली मुले

"घरचे संस्कारच नाहीत, मूल तरी काय करणार?" शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. ते बहुधा वस्तीतून येणाऱ्या मुलांबद्दलच उच्चारले जाते. मूल घरातच घडते आणि ते बिघडले तर दोष आईबापांचा, असा त्याचा अर्थ. हा विचार केवळ आपल्याकडच्या पांढरपेशांचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत त्याला शास्त्राचे रूप मिळाले. त्या शास्त्रातले काय घ्यावे आणि काय टाकावे, हे चळवळीतल्या माणसांनी एकदा तपासले पाहिजे.

जॉन वॉटसन हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. १९१३ च्या फेब्रुवारीत त्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक व्याख्यान दिले. मन, जाणीव, अंतर्मुख होऊन केलेले निरीक्षण हे सारे सोडा. जे दिसते आणि मोजता येते ते वर्तन हाच शास्त्राचा विषय, असे त्याचे म्हणणे. यालाच वर्तनवाद म्हणतात. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात दाखल झाले आणि जात वंशातून नव्हे, तर जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनातून टिकते, हे त्यांनी १९१६ च्या आपल्या निबंधात मांडले. दोघांचा एकमेकांशी संबंध आला असे मला सुचवायचे नाही. पण माणसाची लायकी रक्तात असते, या समजुतीला त्या काळात निरनिराळ्या बाजूंनी धक्के बसत होते, हे लक्षात घ्यावे.

ही समजूत साधी नव्हती. १८६९ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज विद्वानाने न्यायाधीश आणि मुत्सद्दी यांच्या वंशावळी मांडून बुद्धी वारशाने येते असा सिद्धांत केला होता. त्या घराण्यांना मिळालेले शिक्षण, पैसा आणि ओळखी यांचा हिशेब त्याने जवळपास सोडूनच दिला. आपल्याकडचा वर्णाभिमानी दुसरे काय करतो? वॉटसनने याच्या उलट दावा केला. डझनभर निरोगी अर्भके द्या, वाढवण्याची परिस्थिती माझ्या हाती द्या. त्यांतल्या कोणालाही मी डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवीन, मग त्याचे पूर्वज कोणत्याही वंशाचे असोत. हाती असलेल्या पुराव्यापलीकडे आपण जात आहोत, हेही त्याने तिथेच कबूल केले. विरुद्ध पक्ष हजारो वर्षे तेच करीत आला आहे, हे त्याचे उत्तर मात्र आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू. १९२० मध्ये वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बाळावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. बाळ अकरा महिन्यांचे. पांढऱ्या उंदराला ते भीत नव्हते. मग त्याने उंदराला हात लावला की पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचा, असे सुरू झाले. काही वेळा असे घडल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागले. पुढे ससा आणि केसाळ कोट यांचीही त्याला भीती वाटू लागली. या शिकवलेल्या प्रतिक्रियेला अभिसंधान म्हणतात. ती भीती काढून न टाकताच बाळ रुग्णालयातून गेले. त्याची आई कोण होती? त्याच रुग्णालयात दुसऱ्यांच्या लेकरांना अंगावर पाजणारी एक बाई. शास्त्राला प्रयोगासाठी मूल हवे असते, तेव्हा ते कोणाच्या कुशीतून उचलले जाते, हे यावरून कळावे.

१९२८ मध्ये वॉटसनने बालसंगोपनावर पुस्तक लिहिले. मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा. आईची माया हेच मुलाच्या दुबळेपणाचे कारण, असा त्याचा उपदेश. आपल्याला हा विषय पुरेसा ठाऊक नव्हता, अशी खंत त्यानेच १९३६ मध्ये व्यक्त केली. १९५८ मध्ये हॅरी हार्लो याने माकडांच्या पिलांवरचे प्रयोग मांडले. दूध देणारी तारेची आई सोडून पिले मऊ कापडाच्या आईलाच बिलगून राहत. ऊब ही मुलाची गरज आहे, चैन नव्हे.

वॉटसनने माणूस परिस्थितीने घडतो हे ठणकावून सांगितले, पण परिस्थिती म्हणजे आईचे हात एवढेच धरले. शाळा, पाणवठा, मजुरी, जात यांना त्याच्या संगोपनशास्त्रात जागा नव्हती. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुले सारखीच ठरली. सर्वांसमोर जात पुकारल्यावर दलित मुले मागे पडली. आई तीच, घर तेच, बुद्धीही तीच. मग हातोडा कोणी मारला?

मूल वर्गात गप्प बसते, उत्तर येत असून हात वर करीत नाही, याला संस्काराचा अभाव म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. तो संस्कारच आहे. पण तो व्यवस्थेने केलेला आहे. शिकवलेली भीती घालवताही येते, हे मेरी कव्हर जोन्स हिने १९२४ मध्ये दाखवले. सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडता खाऊ देत देत तिने ससा हळूहळू त्याच्या जवळ आणला, भीती गेली. वर्गात जात न पुकारणे, पुढच्या बाकावर जागा देणे, चुकीच्या उत्तरालाही हसू न देणे ही तशीच साधी कामे आहेत. ती शिक्षकांनी करायची आहेत. आयांना उपदेश करणे त्यानंतर.