माळ्यावरच्या काचा, घरातली नावं

उत्तर फ्रान्समधलं विन्याकूर हे गाव पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीच्या थोडं मागे होतं. खंदकांतून विश्रांतीला आलेल्या सैनिकांचे फोटो तिथले लुई आणि आंत्वानेत तुईलिए हे दांपत्य काढत असे, आणि सैनिक त्यांची पोस्टकार्डं घरी धाडत. निगेटिव्हच्या जवळजवळ ४,००० काचा मात्र शेतघराच्या माळ्यावर पडून राहिल्या. २०११ मध्ये एका ऑस्ट्रेलियन पथकाला त्या सापडल्या आणि त्यांतल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या ८००हून अधिक काचा पुढे कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरिअलला मिळाल्या. हे चेहरे कोणाचे, हे ठरवायला तज्ज्ञ पुरेसे नव्हते. बाहीवरच्या रंगीत पट्टीवरून पलटण कळते, फितींवरून हुद्दा आणि पदकं कळतात. पण माणसाचं नाव गणवेशावर नसतं. ते असतं घरात, त्याच फोटोच्या जपून ठेवलेल्या पोस्टकार्डामागे किंवा आजीने ओळखून सांगितलेल्या आठवणीत. म्हणूनच फोटो वारसांपर्यंत पोचवणं हे मला निव्वळ उपकाराचं काम वाटत नाही. वारस फोटो घेतात तसं नावही देतात, आणि नाव मिळाल्यावरच त्या काचेचा इतिहासाला पुरता उपयोग होतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पणजोबांना शोधणाऱ्याला कुणाच्याही नाकात घरचं नाक दिसतं. तेव्हा साम्य ही तपासाची सुरुवात मानावी, पुरावा नव्हे. ज्याचं नाव सुचवलं त्या सैनिकाची पलटण तेव्हा त्या भागात होती का, हुद्दा आणि जखमेची नोंद लष्करी दप्तराशी जुळते का, हे पाहायलाच हवं. आणि एवढं करूनही शंका उरली, तर ‘बहुधा’ हा शब्द नावाआधी ठेवण्यात कमीपणा नाही. चुकीचं नाव एकाच वेळी दोन घरांवर अन्याय करतं. मूळ काच कुटुंबाला द्यावी, असंही कोणी म्हणेल. पण ती जपायला संग्रहालयच योग्य, आणि त्या घरी मुळात गेला होता तो छापील फोटोच.

शंभर वर्षांनी याचं एवढं काय, असं विचारणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या युद्धात ऑस्ट्रेलियाचे ६०,०००हून अधिक सैनिक गेले आणि त्यांतल्या जवळजवळ कोणाचाही मृतदेह मायदेशी आणला गेला नाही. कित्येकांची कबरही ठाऊक नाही. ज्या घराला तीही मिळाली नाही, त्या घराचा या फोटोवर पहिला हक्क आहे.