संगणकावरील बाण हरवतो काय?

जमिनीचा उतारा, पीक विम्याचा अर्ज आता आपण संगणकावर पाहतो. पांढऱ्या पडद्यावर माऊसचा बारीक पांढरा बाण चटकन सापडत नाही. मोतीबिंदू असल्यास तर अधिकच. मग भलतीकडे बटण दाबले जाऊन अर्ज चुकतो.

यावर उपाय सोपा आहे. विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ धरून 'यू' दाबावे आणि 'माऊस पॉइंटर अँड टच' उघडावे. तेथे बाणाचा आकार १ वरून ३ किंवा ४ करावा. रंगांपैकी आम्ही 'इन्व्हर्टेड' सुचवितो. तो बाण पांढऱ्यावर काळा व काळ्यावर पांढरा दिसतो.

एवढे करूनही अंधुकच दिसत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. पिकलेला मोतीबिंदू बाण मोठा केल्याने बरा होत नाही.