दप्तराचे आयुष्य

१८९१ साली कलकत्त्यास स्थापन झालेले आणि पुढे दिल्लीस आलेले आपले राष्ट्रीय अभिलेखागार आज ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आपल्या कागदपत्रांच्या प्रतिमा खुल्या करीत आहे, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. तथापि प्रतिमा घेतली म्हणजे मूळ कागदाची चिंता सरली, असे मुळीच नाही. यंत्रयुगातील कागदात लाकडाच्या लगद्याबरोबर तुरटी आणि राळ शिरली, त्या तुरटीतून उत्पन्न होणारे आम्ल सेल्युलोजच्या दीर्घ साखळ्या हळूहळू तोडीत राहते, आणि म्हणूनच पेशवाईतील हातकागदाचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुष्कळदा धडधाकट असताना त्यांच्यानंतरचे सरकारी दस्तऐवज बोट लागताच चुरतात. हे आम्ल चुन्याच्या सौम्य द्रावणाने शमविता येते.

संगणकीय प्रतीचा ऱ्हास मात्र डोळ्यांस दिसत नाही. यास्तव प्रत्येक फाइलीची गणिती मुद्रा (चेकसम) आरंभीच नोंदवून ती वारंवार ताडून पाहावी लागते, आणि प्रती निरनिराळ्या स्थळी ठेवाव्या लागतात. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकजन्य कागदपत्रांनाही अभिलेखाचा दर्जा दिला, हे दूरदर्शीपणाचे होते. माझ्या मते खरी निकड सूचीकारांची आहे, कारण मोडी जाणणाऱ्याने तारीख, परगणा आणि विषय नोंदविल्यावाचून मोडी पत्राची स्वच्छ प्रतिमाही शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.